३५७

१९६१च्या डिसेंबरात टॉटनहॅम हॉट्स्परचा मॅनेजर बिल निकल्सन याने मिलानच्या क्लबला एका खेळाडूपायी ९९,९९९ पौंड मोजले. शेवटचा एक पौंड घासाघीस करून वाचवलेला नव्हता. ब्रिटिश क्लबाने लाख पौंडांना घेतलेला पहिला खेळाडू, हे बिरूद एकवीस वर्षांच्या पोराच्या मानेवर बसू नये म्हणून निकल्सनने आकडा मुद्दाम एकाने तोडला. परिणाम उलटाच झाला. लाख पौंड कदाचित लोक विसरले असते, तो तोडलेला पौंड मात्र साठ वर्षांनंतरही कुणी विसरलेले नाही.

त्या खेळाडूचे नाव जिमी ग्रीव्ज. त्याच्याविषयी हमखास सांगितली जाणारी दुसरी गोष्ट १९६६ची. इंग्लंडने आजवर एकदाच विश्वचषक जिंकला, आणि त्या अंतिम सामन्यात देशाचा सर्वांत नामांकित गोल करणारा बाकावर बसून होता. म्हणजे माणूस ध्यानात राहिला तो न दिलेल्या एका पौंडामुळे आणि न खेळलेल्या एका सामन्यामुळे. आणि जे प्रत्यक्ष घडले त्याचे काय? इंग्लंडच्या सर्वोच्च श्रेणीत, म्हणजे तेव्हाच्या फर्स्ट डिव्हिजनमध्ये, त्याने ५१६ सामन्यांत ३५७ गोल केले. तितके गोल त्या श्रेणीत त्याच्याआधी कुणी केले नव्हते आणि नंतरही कुणाला जमलेले नाहीत.

ग्रीव्जचा जन्म २० फेब्रुवारी १९४०चा, पूर्व लंडनच्या मॅनर पार्कमधला. महायुद्धात घरावर बॉम्ब पडल्यावर कुटुंब डॅगनमला गेले. वडील लंडनच्या भुयारी रेल्वेत गाडी चालवत. शाळकरी वयातच चेल्सीच्या माणसांनी त्याला हेरले आणि २४ ऑगस्ट १९५७ रोजी, सतरा वर्षांचा असताना, तो पहिल्या संघातून उतरला. सामना टॉटनहॅमच्या मैदानावर होता. १-१ बरोबरी झाली आणि चेल्सीचा गोल त्याचा होता. पुढे हे त्याच्या अंगवळणीच पडले. चेल्सी, इंग्लंड, मिलान, टॉटनहॅम, वेस्ट हॅम, कुठेही जावे आणि पहिल्याच दिवशी गोल करावा.

तो सेंटर फॉरवर्ड नव्हता. त्या काळी इंग्लंडचा सेंटर फॉरवर्ड म्हणजे खांद्याने गोलरक्षकाला ढकलणारा, डोक्याने चेंडू आत कोंबणारा धिप्पाड गडी. ग्रीव्ज इनसाइड फॉरवर्ड होता, म्हणजे मधल्या गड्याच्या बाजूने, जरा मागून आत घुसणारा. अंगाने बेताचा. चेंडू चामड्याचा, भिजला की जड होणारा. मैदाने नोव्हेंबरपासून चिखलाची. मागून येऊन पाय काढून घेणाऱ्या बचावपटूला पंच फार तर डोळे वटारून दाखवायचा. अशा चिखलात हा पोरगा दोन-तीन जणांमधून तोल न जाता निघून जाई आणि गोलसमोर आल्यावर सगळे जग जे करी ते करत नसे. जीव खाऊन फटका मारायच्या ऐवजी तो चेंडू गोलरक्षकाच्या हाताबाहेर, खांबाच्या आतल्या अंगाला नुसता सरकवायचा. सहकाऱ्याला पास द्यावा तसा जाळ्याला पास. जुन्या कृष्णधवल चित्रफिती पाहताना एक गोष्ट लक्षात येते. गोलरक्षक पुष्कळदा झेपसुद्धा घेत नाही, वळून मागे बघतो. मला त्याचे हे न घाईचे असणे सगळ्यांत नवलाचे वाटते, कारण सराव करून पाय घडवता येतात, पण त्या जागी आल्यावर नाडी न वाढणे कुणी कसे शिकवणार? सरावाचा त्याला तसाही कंटाळाच होता.

चेल्सीत चार हंगाम, १५७ लीग सामने, १२४ गोल. एकविसावे वर्ष पुरे व्हायच्या आत त्याचे शंभर लीग गोल झाले होते. १९६०-६१मध्ये त्याने एकट्याने ४१ गोल केले, चेल्सीचा हा विक्रम अजून टिकून आहे. पण त्या हंगामाचा हिशेब पूर्ण मांडला तर हसू येते: चेल्सीने ९८ गोल केले आणि १०० खाल्ले. पुढे जिमी, मागे सगळे दार उघडे. संघ बारावा आला. शेवटच्या सामन्यात नॉटिंगहॅम फॉरेस्टविरुद्ध त्याला कप्तान केले, त्याने चार गोल केले, चेल्सी ४-३ जिंकली आणि चाहत्यांनी त्याला खांद्यावर घेतले. तो गेल्यावर वर्षभरात चेल्सी तळाला जाऊन खालच्या श्रेणीत घसरली.

तो गेला कशाला, हे समजायला पगाराची गोष्ट सांगावी लागते. इंग्लंडमध्ये व्यावसायिक फुटबॉलपटूच्या पगाराला कायद्यासारखी कमाल मर्यादा होती: हंगामात आठवड्याला २० पौंड, उन्हाळ्यात त्याहून कमी. तुम्ही ४१ गोल करा नाहीतर एक करा, वरचा आकडा तोच. शिवाय करार संपला तरी खेळाडू मोकळा होत नसे. क्लबाने सोडले नाही तर दुसरीकडे खेळायची सोय नव्हती. साठ-सत्तर हजार प्रेक्षक तिकीट काढून येत आणि ज्याला पाहायला येत तो बसने घरी जाई. जिमी हिल या खेळाडूंच्या संघटनेच्या अध्यक्षाने संपाची धमकी दिली, तेव्हा कुठे जानेवारी १९६१मध्ये ती मर्यादा उठली. करारातल्या वेठबिगारीला धक्का लागायला आणखी दोन वर्षे गेली. जॉर्ज ईस्टहॅमने न्यूकॅसल क्लबविरुद्ध न्यायालयात दावा लावला आणि १९६३मध्ये निकाल त्याच्या बाजूने लागला.

इटलीत मात्र पैसा वाहत होता. डेनिस लॉ आणि जो बेकर तोरिनोला, गेरी हिचेन्स इंटरला आणि ग्रीव्ज एसी मिलानला गेला, ८० हजार पौंडांना. तिथे त्याचे अजिबात रमले नाही. मिलानचा प्रशिक्षक नेरेओ रोक्को कडक शिस्तीचा. सामन्याआधी खेळाडूंना घरादारापासून दूर, बंदोबस्तात ठेवायची तिकडची पद्धत. काय खावे, काय प्यावे, कधी निजावे, सगळे ठरलेले, आणि मोडले की दंड. डॅगनमच्या मोकळ्या पोराला हे कसे मानवावे? तो भांडला, दंड भरला, परतीचा हट्ट धरून बसला आणि एवढे सगळे करताना इटलीच्या लीगमध्ये १२ सामन्यांत नऊ गोलही करून गेला. त्या हंगामात मिलान अजिंक्य ठरले. तोवर ग्रीव्ज लंडनला परतला होता.

निकल्सनचे टॉटनहॅम आदल्याच हंगामात लीग आणि एफए कप दोन्ही जिंकून बसले होते. अशा संघात ग्रीव्ज आला आणि ब्लॅकपूलविरुद्धच्या पहिल्या सामन्यात हॅटट्रिक केली. पहिला गोल हवेत आडवे होऊन कात्रीसारखे पाय फिरवून मारलेला. १९६२च्या एफए कपच्या अंतिम सामन्यात बर्नलीविरुद्ध त्याचा गोल तिसऱ्याच मिनिटाला. १९६३मध्ये रॉटरडॅमला अ‍ॅटलेटिको माद्रिदला ५-१ हरवून टॉटनहॅमने कप विनर्स कप जिंकला. युरोपातली मोठी स्पर्धा जिंकणारा हा पहिला ब्रिटिश क्लब, आणि त्यातले दोन गोल ग्रीव्जचे. फर्स्ट डिव्हिजनमध्ये सर्वाधिक गोल करण्याचा मान त्याने एकूण सहा हंगामांत मिळवला. लीगचे विजेतेपद मात्र इंग्लंडमध्ये एकदाही नाही. चेल्सी १९५५मध्ये जिंकली तेव्हा तो शाळेत होता, टॉटनहॅम जिंकले तेव्हा तो चेल्सीत होता.

१९६२च्या विश्वचषकात, चिलीतल्या विन्या देल मार गावी, ब्राझीलविरुद्धच्या सामन्यात एक भटका कुत्रा मैदानात घुसला. कुणालाच सापडेना. गारिंचासारख्या जादूगारालाही त्याने चकवले. शेवटी ग्रीव्जने चार पायांवर बसून, त्याच्या डोळ्यांत डोळे घालून त्याला पकडले. कुत्र्याने उपकाराची फेड त्याच्या शर्टावर ओला शेरा मारून केली. इंग्लंड ३-१ हरले. गारिंचा त्या कुत्र्यावर इतका खूश झाला की त्याला घरी घेऊन गेला म्हणतात.

आता १९६६. आदल्या हिवाळ्यात ग्रीव्जला काविळीने गाठले होते आणि पायांतला वेग थोडा गेला होता. तरी स्पर्धेच्या तोंडावर ओस्लोला नॉर्वेविरुद्ध त्याने चार गोल केले, त्यामुळे जागा पक्की. उरुग्वे, मेक्सिको, फ्रान्स, हे गटातले तिन्ही सामने तो खेळला. गोल एकही नाही. फ्रान्सच्या सामन्यात बुटाचा खिळा नडगीवर बसला आणि जखमेला टाके घालावे लागले. त्याच्या जागी वेस्ट हॅमचा जेफ हर्स्ट आला. त्याने अर्जेंटिनाविरुद्ध एकमेव गोल केला. मग पोर्तुगालला हरवून इंग्लंड अंतिम सामन्यात. तोवर ग्रीव्ज बरा झाला होता.

मॅनेजर आल्फ रॅम्सेने जिंकणारा संघ बदलला नाही. हल्लीच्या वाचकाला प्रश्न पडेल: मग शेवटच्या अर्ध्या तासात तरी उतरवायचे? उतरवता येत नव्हते. विश्वचषकात बदली खेळाडूची सोय १९७०मध्ये आली. अकरा ते अकरा, बाकीचे प्रेक्षक. क्रिकेटमधल्या बाराव्या गड्याला निदान पाणी घेऊन जायला मिळते. ३० जुलैला वेम्बलीवर हर्स्टने पश्चिम जर्मनीविरुद्ध तीन गोल केले, इंग्लंड ४-२ जिंकले आणि रॅम्सेच्या निर्णयावर बोलायला जागाच उरली नाही. माझ्या मते रॅम्से चुकला नाही. हर्स्ट मैदानभर धावे, उंच चेंडू झेले, दुसऱ्यांसाठी जागा करून देई. रॅम्सेच्या कष्टाळू संघात तोच बसत होता. पण बरोबर निर्णयाची किंमतही कुणीतरी मोजतोच. त्या रात्री बाकीचे जल्लोषात असताना ग्रीव्ज सामान भरून पत्नी आयरीनसोबत सुट्टीवर निघून गेला. इंग्लंडकडून तो त्यानंतर फक्त तीनदा खेळला. ५७ सामने, ४४ गोल, सहा हॅटट्रिक, आणि वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी खाते बंद.

यापुढे गोष्ट सांगणाऱ्यांचे काम सोपे होते. अंतिम सामना हुकला, मन मोडले, बाटली धरली. नाटकाचा पडदा पडायला सोयीचे. ग्रीव्जने स्वतः हे कारण सदैव नाकारले, आणि तारखाही त्याच्याच बाजूच्या आहेत. १९६८-६९मध्ये, म्हणजे वेम्बलीनंतर तिसऱ्या हंगामात, तो २७ गोल करून पुन्हा लीगमध्ये अव्वल होता. घसरण त्यानंतरची. मार्च १९७०मध्ये टॉटनहॅमने मार्टिन पीटर्सच्या बदल्यात त्याला वेस्ट हॅमकडे धाडले. मँचेस्टर सिटीविरुद्ध पहिल्याच सामन्यात दोन गोल, रिवाजाप्रमाणे. त्या उन्हाळ्यात त्याने लंडन ते मेक्सिको ही मोटार शर्यतही केली, टोनी फॉलच्या जोडीने फोर्ड एस्कॉर्टमधून, आणि सहावा क्रमांक काढला. पण फुटबॉलमधून जीव उडाला होता. जानेवारी १९७१मध्ये ब्लॅकपूलला कप सामन्याच्या आदल्या रात्री तो, संघातलाच बॉबी मूर आणि आणखी दोघे नाइटक्लबात सापडले. वेस्ट हॅम ४-० हरले आणि बातमी गावभर झाली. हंगाम संपताच, ३१व्या वर्षी, त्याने बूट टांगले.

खेळाडूंनी सामन्यानंतर दारूच्या गुत्त्यावर जमणे ही तेव्हाच्या इंग्लिश फुटबॉलची रीतच होती. दुसऱ्या दिवशी सराव असे, म्हणून तिला आपोआप लगाम बसे. ग्रीव्जचा सराव सुटला आणि लगामही सुटला. पुढची पाच-सहा वर्षे त्याने अक्षरशः बुडवली. संसार मोडकळीला आला, मनोरुग्णालयात भरती व्हावे लागले. फेब्रुवारी १९७८मध्ये त्याने शेवटचा घोट घेतला आणि नंतर मरेपर्यंत दारूला शिवला नाही. १९७९च्या आत्मचरित्रात त्याने हे सगळे उघड लिहिले. इंग्लंडच्या खेळाडूने व्यसनाबद्दल इतके मोकळे लिहिणे तेव्हा नवलाचे होते. याच दिवसांत तो बार्नेट या लीगबाहेरच्या क्लबाकडून मध्यरक्षक म्हणून खेळत होता. हे फारसे कुणी सांगत नाही, आणि मला तर त्याच्या कारकिर्दीतला हा सर्वांत अवघड हंगाम वाटतो.

मग दूरचित्रवाणीने त्याला उचलले. लिव्हरपूलचा जुना फॉरवर्ड इयान सेंट जॉन आणि तो, अशा जोडगोळीचा 'सेंट अँड ग्रीव्जी' हा कार्यक्रम आयटीव्हीवर १९८५ ते १९९२ शनिवारी दुपारी चाले. फुटबॉलची चर्चा म्हणजे गंभीर चेहरे, असा शिरस्ता असताना हे दोघे हसत, चिडवत बोलत. ग्रीव्जला एकदाही खेळताना न पाहिलेल्या पिढीला तो मिशीवाला विनोदी माणूस म्हणूनच ठाऊक झाला.

१९६६ला पदके मिळाली होती ती फक्त मैदानावरच्या अकरा जणांना. उरलेल्यांना फिफाने २००९मध्ये दिली. ग्रीव्जने आपले पदक २०१४मध्ये लिलावात ४४ हजार पौंडांना विकून टाकले. काहींना ते खटकले. मला नाही खटकले. ४३ वर्षे उशिरा आलेल्या पदकाशी कुणाचा किती जीव जडणार? २०१५मध्ये त्याला पक्षाघाताचा जबर झटका आला आणि तो चाकाच्या खुर्चीला खिळला. १९ सप्टेंबर २०२१ रोजी तो गेला. त्या दिवशी योगायोगाने टॉटनहॅम आणि चेल्सी यांचाच सामना होता. दोन्हीकडच्या चाहत्यांनी उभे राहून टाळ्या वाजवल्या.

टॉटनहॅमकडून त्याचे २६६ गोल हा क्लबाचा विक्रम होता. तो हॅरी केनने फेब्रुवारी २०२३मध्ये मोडला. ३५७चा आकडा मात्र कुणी मोडलेला नाही, तरी इंग्लिश फुटबॉलच्या विक्रमांची यादी पडद्यावर झळकते तेव्हा वर अ‍ॅलन शिअररचे २६० असतात. कारण ती यादी प्रीमियर लीगची, आणि प्रीमियर लीग सुरू झाली १९९२मध्ये. शिअररचे त्याआधीचे साउदॅम्प्टनचे २३ गोल मिळवले तरी बेरीज २८३ होते. त्याच १९९२मध्ये सामन्यांचे हक्क आयटीव्हीच्या हातून गेले आणि 'सेंट अँड ग्रीव्जी' बंद पडले.