गंजलेले स्क्रू व बोल्ट सोडविण्याची रीत
(जुन्या मालमोटारीच्या दाराची दुरुस्ती)

शेतमाल बाजारपेठेत नेण्यासाठी एके काळी घेतलेली जुनी जीप किंवा मालमोटार आजही काही गावांत जपून ठेवलेली आढळते. अशा वाहनाच्या इंजिनाकडे मालक लक्ष देतात. परंतु दाराच्या बिजागऱ्यांकडे सहसा दुर्लक्ष होते. बिजागरी झिजली म्हणजे दार खाली उतरते, खटका नीट अडकत नाही, आणि खाचखळग्यांच्या रस्त्यावर दार अवचित उघडून कडेला बसलेला मनुष्य बाहेर फेकला जाण्याचा संभव असतो. बिजागरी बदलणे हे काम अवघड नाही. अवघड असते ते तिचे गंजलेले स्क्रू बाहेर काढणे. या कामी नुसता जोर उपयोगी पडत नाही, ठरावीक क्रम पाळावा लागतो. नांगर, पेरणीयंत्र व ट्रॉली यांच्या बोल्टांनाही हाच क्रम लागू पडतो.

स्क्रू घट्ट का बसतो?

लोखंडावर पाणी व हवा यांची क्रिया होऊन गंज तयार होतो. या गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक असते. आट्यांमधील फट अगदी अरुंद असल्याने हा फुगलेला गंज तेथे पाचरीप्रमाणे ठासून बसतो. म्हणून प्रथम गंजाची पकड ढिली करावी व नंतरच स्क्रू फिरवावा.

आटे कोणत्या मापाचे?

आपल्या देशात वजने व मापे यांची दशमान पद्धत १९५८ ते १९६२ या काळात टप्प्याटप्प्याने लागू झाली. १९४७ नंतरच्या काळात मुंबईत जोडणी झालेल्या विलीज जीप व डॉज मालमोटारी मूळच्या अमेरिकन बनावटीच्या असल्याने त्यांचे बोल्ट इंचाच्या मापाचे आहेत. याउलट १९५४ पासून जमशेदपूर येथे तयार होऊ लागलेल्या टाटा-मर्सिडीज मालमोटारींचे माप मिलिमीटरमध्ये आहे. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. अशा बोल्टावर १३ मिलिमीटरचा पाना चढतो खरा, पण तो सैल राहतो आणि जोर देताच बोल्टाचे कोपरे झिजून डोके गोल होते. यास्तव योग्य मापाचा, सहा कोनांचा रिंग पाना वापरावा.

तेल, वेळ व ठोके

प्रथम तारेच्या ब्रशने बोल्टाचे डोके व दिसणारे आटे स्वच्छ करावेत. स्क्रूच्या खाचेतील माती व रंग टोकदार खिळ्याने खरवडून काढावा. त्यानंतर बाजारात मिळणारे गंज सोडविण्याचे पातळ तेल आट्यांच्या तोंडाशी सोडावे. ते न मिळाल्यास डिझेल व इंजिनचे तेल समभाग मिसळून वापरता येते. वात जसे तेल शोषून घेते, तसे हे तेल बारीक फटीत आपोआप शिरते. परंतु त्यास वेळ लागतो. सायंकाळी तेल सोडावे, सकाळी पुन्हा सोडावे, व असे दोन दिवस करावे.

दर वेळी तेल सोडल्यावर बोल्टाच्या डोक्यावर हातोडीचे हलके, सरळ ठोके द्यावेत. त्यायोगे गंजाला तडे जातात व तेलास वाट मिळते. मग पाना लावून बोल्ट प्रथम किंचित आवळण्याचा प्रयत्न करावा व नंतर उलट फिरवावा. तो हलताच एकदम काढू नये. थोडा मागे, थोडा पुढे असे करीत व तेल सोडीत बाहेर आणावा.

पान्यास लांब नळी लावून जोर करण्याची सवय घातक आहे. २५ सेंटिमीटर लांबीच्या पान्यावर दिलेला जोर एक मीटर लांबीवर चौपट परिणाम करतो. ८ मिलिमीटर जाडीचा बोल्ट एवढा पीळ सोसत नाही, तो तुटतो.

बिजागरीचे स्क्रू

काम सुरू करण्यापूर्वी बिजागरीच्या कडेने टोकदार सळईने खूण करावी, म्हणजे दार पुन्हा मूळ जागी बसविता येईल. दाराखाली लाकडी ठोकळ्यांचा आधार द्यावा. पुष्कळ वाहनांत हे स्क्रू खांबाच्या आत सैल ठेवलेल्या आट्यांच्या पट्टीत बसतात. म्हणून सर्व स्क्रू एकाच वेळी काढू नयेत, नाही तर पट्टी आत सरकते.

साध्या पेचकसाने फुलीच्या खाचेचा स्क्रू फिरविताना पेचकसाचे टोक वर उचलले जाते व खाच बिघडते. येथे हातोडीच्या ठोक्याने फिरणारा पेचकस वापरावा. ठोका बसताच त्याचे टोक खाचेत दाबले जाते व त्याच क्षणी थोडे फिरते. टोक खाचेत घट्ट बसणाऱ्या मापाचेच असावे.

उष्णतेचा उपयोग व धोका

१० मिलिमीटर व्यासाचे पोलाद २०० अंश सेल्सिअसने तापविल्यास सुमारे ०.०२४ मिलिमीटरने प्रसरण पावते. एवढीशी हालचाल गंजाची पकड मोडण्यास पुरेशी होते. परंतु विलीज जीपची पेट्रोल टाकी चालकाच्या आसनाखालीच असते, व अनेक जुन्या मालमोटारींतही ती आसनामागे असे. तसेच जुन्या रंगांत शिसे असते आणि जस्ताचा मुलामा दिलेला बोल्ट तापविल्यास अपायकारक धूर निघतो. म्हणून दाराजवळ ज्योत वापरू नये. आजूबाजूचे तेल पुसून, डाग देण्याच्या मोठ्या विजेच्या कावियाने केवळ स्क्रूचे डोके तापवावे. नंतर कडेला मेणाचा तुकडा टेकवावा. वितळलेले मेण आट्यांत उतरते. ज्योतीवाचून भागत नसेल, तर सुटे करता येणारे भाग वाहनापासून दूर नेऊनच तापवावेत.

डोके तुटल्यास

घाई करू नये. तुटलेल्या भागाच्या बरोबर मध्यावर पंचाने खूण करून प्रथम बारीक व नंतर मोठे छिद्र पाडावे. ८ मिलिमीटरच्या जाड आट्यांच्या बोल्टासाठी शेवटचे छिद्र ६.८ मिलिमीटरचे असावे. उरलेले लोखंड वेचून काढावे व आटे पुन्हा साफ करावेत. छिद्रात घालून फिरवावयाचे उलट आट्यांचे हत्यार फार कठीण पण ठिसूळ असते. ते आत मोडल्यास त्यावर ड्रिल चालत नाही. म्हणून ते जपून वापरावे. ठोकताना व छिद्र पाडताना डोळ्यांवर चष्मा अवश्य असावा.

पुन्हा जोडताना

नवे स्क्रू बसविण्यापूर्वी आट्यांस ग्रीस लावावे. दाराच्या तळाशी पाणी निघून जाण्यासाठी लहान भोके असतात. ती चिखलाने बुजली म्हणजे पाणी आत साचून दार आतून गंजते. दर पावसाळ्यापूर्वी ती काडीने मोकळी करावीत व बिजागरीत तेल सोडावे.

ग्रामसेवक व कृषी सहायकांनी ही रीत गावात एखाद्या जुन्या बोल्टावर प्रत्यक्ष करून दाखवावी. दोन दिवस थांबल्याने काम लांबते असे वाटते. परंतु तुटलेला एक स्क्रू काढण्यात याहून अधिक वेळ व पैसा खर्च होतो, हे शेतकरी बंधूंनी ध्यानात ठेवावे.