लाईट गेली की फोनही गेला

रत्नागिरीहून गणपतीपुळ्याला जाणारा किनारी रस्ता आरे-वारेला टेकडी चढतो आणि पुन्हा पुळणीलगत उतरतो. अशा मुलखात इंटरनेटची चर्चा नेहमी वेगाची होते. खरं तर ती विजेची व्हायला हवी. जुन्या लँडलाइनला एक्स्चेंजमधल्या बॅटऱ्यांचे ४८ व्होल्ट तांब्याच्या तारेतूनच मिळत. गावात काळोख असला तरी रिसीव्हर उचलला की टोन यायचा. फायबर पडली काच. तिच्यातून प्रकाश जातो, वीज जात नाही. त्यामुळे घरातल्या मोडेमचा १२ व्होल्टचा अडॅप्टर बंद पडला की इंटरनेटबरोबर फोनही मुका होतो. तांबं फार गुणाचं होतं असं नव्हे. पावसात सांधे ओले होऊन खरखर यायची, तारा चोरीला जायच्या. पण ही एक सोय त्यात होती.

गंमत म्हणजे फायबरला मधल्या वाटेत वीज लागतच नाही. खांबावरच्या डबीतला स्प्लिटर एका धाग्यातला प्रकाश ३२ घरांत वाटतो, तोही नुसत्या काचेच्या जोरावर. धागा तुटला तर जोडणारा आधी त्याचं आवरण सोलतो, स्पिरिटने पुसतो, टोक काटकोनात कापतो. मग मशीन ठिणगीने दोन्ही टोकं वितळवून एक करतं. काच जेमतेम ०.१२५ मिलिमीटर जाड, केसासारखी. तिच्यातूनच १४९० नॅनोमीटरच्या प्रकाशलहरींवर माहिती घरी येते आणि १३१० वर परत जाते. म्हणजे सांभाळायची ती फक्त दोन टोकांची वीज: कंपनीच्या यंत्राची आणि घरच्या मोडेमची.

मोबाइल असताना ही काळजी कशाला, असं कुणी म्हणेल. पण मनोऱ्यालाही वीज लागतेच. जून २०२० मध्ये निसर्ग वादळाने दापोली-मंडणगडात विजेचे खांब आडवे केले, तेव्हा मोबाइलही गप्प झाले होते. शिवाय टेकडीआडच्या वाडीत रेंज अडते, ते वेगळंच. घरी इन्व्हर्टर आहे ना? आहे, पण पलीकडचं यंत्र बंद असेल तर तो काय करणार? मोडेमवरचा लाल दिवा तेवढा लुकलुकत राहील.

तेव्हा कनेक्शन घेताना ‘किती एमबीपीएस’ विचाराच, पण त्याआधी कंपनीच्या यंत्राची बॅटरी किती तास चालते ते विचारा. आणि मोडेमसाठी छोटा यूपीएस पावसाळ्याआधीच आणून ठेवा.