घाटाच्या अलीकडची मतं

२० नोव्हेंबर २०२४, विधानसभेच्या मतदानाचा दिवस. गावच्या शाळेत मत देऊन नाना बाहेर आले आणि पायरीवर टेकले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, बोटाची शाई पाहिली आणि मला म्हणाले, "मशिनीवर बाण न्हवता रं."

नाना नव्वद सालापासूनचे धनुष्यबाणवाले. आमच्या भागात साखर कारखान्याच्या सभासदाने काँग्रेसबाहेर मत द्यायला तेव्हा छाती लागायची, आणि ती त्यांनी दाखवली होती. "गेल्या टायमाला कमळ दाबा म्हनले, दाबलं. औंदा घड्याळ म्हनत्यात. जलमभर ज्याच्या इरोधात हुतो, तेच?" मी काय सांगणार? त्या यंत्रावर कमळही नव्हतं, पंजाही नव्हता, मशालही नव्हती. मुख्य लढत घड्याळ आणि तुतारीची होती. राज्यातल्या सहा मोठ्या पक्षांपैकी चार पक्षांच्या मतदारांना स्वतःचं चिन्ह मिळालं नाही, कारण त्यांच्या वतीने निवड आधीच मुंबईत, जागावाटपाच्या बैठकीत झाली होती.

आमचं गाव खंडाळा तालुक्यातलं. हा खंडाळा लोणावळ्याजवळचा नव्हे. पुण्याहून साताऱ्याकडे येताना नीरा ओलांडली की शिरवळ लागतं, पुढे खंबाटकी घाटाच्या पायथ्याशी पारगाव-खंडाळा. तालुका छोटा आणि पर्जन्यछायेतला. विधानसभेला तो वाई मतदारसंघात, वाई आणि महाबळेश्वर तालुक्यांच्या सोबत आहे. मतदारसंघाची सत्ता मात्र घाटाच्या पलीकडे, कृष्णाकाठी राहिली आहे. भुईंजचे भोसले, बोपेगावचे पाटील आणि पिसाळ ही वाईची तीन घराणी. आम्ही नीरेकडचे लोक त्यांच्यातला एक निवडत आलो.

सत्तेतल्या भागीदारांचं आपसातलं वैर निवडणूक कशी घडवतं, हे या मतदारसंघाइतकं स्वच्छ दुसरीकडे क्वचितच दिसेल. सुरुवात १९९९ ची. त्या वर्षी शरद पवारांनी राष्ट्रवादी काढली आणि सप्टेंबरमध्ये दोन्ही काँग्रेस एकमेकींविरुद्ध लढल्या. काँग्रेसच्या ७५ जागा आल्या, राष्ट्रवादीच्या ५८. ऑक्टोबरमध्ये दोघींनी मिळून सरकार केलं. मुंबईत हातमिळवणी झाली, पण गावात ज्यांनी महिन्यापूर्वी एकमेकांच्या पोलिंग एजंटांशी हुज्जत घातली होती, ते तिथेच होते. वाईत प्रतापराव भोसले काँग्रेसमध्ये थांबले, लक्ष्मणराव पाटील आणि मदनराव पिसाळ पवारांबरोबर गेले. लक्ष्मणराव खासदार झाले, मदनराव आमदार.

२००४ ला दोन्ही काँग्रेस पहिल्यांदा एकत्र विधानसभा लढल्या. आघाडीतला साधा नियम असा, की ज्याचा आमदार त्याची जागा. वाटपाच्या टेबलावर भांडण कमी व्हावं म्हणून तो केलेला, आणि त्यात व्यवहार आहेच. पण या नियमाने दुसऱ्या भागीदाराच्या तालुक्यातल्या नेत्याला पाच वर्षं नव्हे, कायमचंच घरी बसवलं जातं. जागा राष्ट्रवादीची, मग प्रतापरावांचे चिरंजीव मदन भोसले यांनी काय करायचं? ते अपक्ष उभे राहिले आणि निवडून आले.

२००९ ला तोच खेळ उलटा झाला. आता मदन भोसले आमदार आणि काँग्रेसचे, म्हणून जागा काँग्रेसची. त्याच वर्षी साताऱ्याची लोकसभेची उमेदवारी लक्ष्मणरावांऐवजी उदयनराजेंना गेली होती. लक्ष्मणरावांचे चिरंजीव मकरंद पाटील अपक्ष उभे राहिले आणि त्यांनी आघाडीच्याच उमेदवाराला हरवलं. लागोपाठ दोनदा सत्ताधारी आघाडीने दिलेला उमेदवार पडला आणि आघाडीतलाच नाराज गट जिंकला. २०१४ ला मकरंद पाटील घड्याळावर लढले, ते आजतागायत आमदार आहेत.

वर्तमानपत्रं अशांना 'बंडोबा' म्हणतात आणि अर्ज मागे घेतला की 'थंडोबा'. मला हे शब्द कधी आवडले नाहीत. त्यात उमेदवार दिसतो, त्याच्यामागचे पन्नास-साठ हजार मतदार दिसत नाहीत. वाईत दोनदा लोकांनी जागावाटपच नाकारलं, असं मी त्याकडे पाहतो. राज्यातही हे जुनंच आहे. १९९५ ला ४५ अपक्ष निवडून आले, त्यातले बरेच काँग्रेसमध्ये तिकीट न मिळालेले. त्यांच्या टेकूवर मनोहर जोशींचं सरकार उभं राहिलं, आणि त्याच सरकारने १९९६ मध्ये कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापलं. बच्छावत लवादाने ठरवलेलं पाणी २००० पर्यंत अडवायचं होतं, त्याची घाई होतीच. पण पाण्याची कामं करून घेण्यात त्या अपक्षांचं वजन कामी आलं, हे आमच्याकडचे जुने लोक आजही सांगतात. सांगलीतही २०२४ च्या लोकसभेला महाविकास आघाडीने जागा ठाकरेंच्या शिवसेनेला दिली, आणि वसंतदादांचे नातू विशाल पाटील अपक्ष उभे राहून एक लाखावर मतांनी निवडून आले.

जागावाटपाचं खरं नाटक अर्ज भरायच्या शेवटच्या दोन दिवसांत होतं. पक्षाचा उमेदवार ठरतो तो एबी फॉर्मने. 'ए' फॉर्मवर सही करायचा अधिकार कोणाला ते असतं, 'बी' फॉर्मवर उमेदवाराचं नाव. अर्ज भरायच्या अखेरच्या दिवशी दुपारी तीनच्या आत हे कागद निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या टेबलावर पोहोचले नाहीत, तर चिन्ह गेलं. २०२४ ला ती तारीख २९ ऑक्टोबर होती. त्या दिवशी शिंदेंच्या शिवसेनेने नाशिकच्या देवळाली आणि दिंडोरीसाठी एबी फॉर्म हवाईमार्गे पाठवले, आणि तेही मित्रपक्ष राष्ट्रवादीच्या उमेदवारांविरुद्ध. मग ४ नोव्हेंबरच्या दुपारी तीनपर्यंत, म्हणजे माघारीची मुदत संपेपर्यंत, फोनाफोनी, समजूत, महामंडळाचा शब्द. तोवर गावात कार्यकर्ता जीप उभी करून थांबलेला असतो. कोणाचा झेंडा लावायचा ते त्याला माहीत नसतं.

आणि युती तुटली की काय होतं, ते २०१४ ने दाखवलं. २५ सप्टेंबरला शिवसेना-भाजप आणि दोन्ही काँग्रेस, अशी दोन्ही घरं एकाच दिवशी फुटली. अर्ज भरायला दोन दिवस उरले होते. वर्षानुवर्षं जी जागा मित्राला सोडली, तिथे पक्षाकडे बूथवर बसायला माणूस नसतो, मतदारयाद्या पाहिलेला कोणी नसतो. म्हणून रातोरात माणसं आयात झाली. जागा सोडणं म्हणजे तिथलं घर बंद करून ठेवण्यासारखं आहे, भिंती ओल धरतातच.

२०२४ ला वाईत एक विलक्षण गोष्ट झाली होती. मदन भोसले २०१९ लाच भाजपमध्ये गेलेले आणि त्या वेळी मकरंद पाटलांकडून हरलेले. २०२३ मध्ये मकरंद पाटील अजित पवारांबरोबर सत्तेत आले. म्हणजे भुईंज आणि बोपेगाव, वीस वर्षं समोरासमोर असलेले, एकाच महायुतीत. मधल्या काळात किसन वीर साखर कारखानाही २०२२ च्या निवडणुकीत भोसल्यांकडून पाटलांकडे गेला होता. कारखाना म्हणजे आमच्याकडे नुसती चिमणी नव्हे. कोणाच्या उसाला आधी तोड मिळते आणि बिल कधी निघतं, यावर घरातलं लग्न ठरतं. तिथलं वैर युतीच्या बॅनरवर शेजारी फोटो छापून मिटत नाही.

ज्याचा आमदार त्याची जागा, म्हणून घड्याळ. शिंदेंच्या शिवसेनेचे पुरुषोत्तम जाधव अपक्ष उभे राहिले. या वेळी मात्र बंड चाललं नाही. पिसाळ घराण्यातल्या अरुणादेवींना तुतारीवर दुसऱ्या क्रमांकाची मतं मिळाली आणि मकरंद पाटील साठ हजारांवर मताधिक्याने जिंकले. कारणं अनेक असतील, लाडकी बहीण त्यातलं मोठं. पण एक बदल मला ठळक वाटतो. पक्ष आता नाराज नेत्याची भरपाई आधीच ठरवतात. साताऱ्याची लोकसभेची जागा भाजपला सोडली, तेव्हा अजित पवारांनी मकरंद पाटलांचे बंधू नितीन पाटील यांना खासदार करायचा शब्द दिला आणि ऑगस्ट २०२४ मध्ये ते राज्यसभेवर बिनविरोध गेलेसुद्धा. नेत्याची भरपाई झाली. चिन्ह गमावलेल्या मतदाराची भरपाई करायची रीत अजून कोणत्याच पक्षाने काढलेली नाही, आणि माझी तक्रार तेवढीच आहे.

सातारा जिल्ह्यातल्या आठही जागा महायुतीला गेल्या. भाजपला चार, शिवसेनेला दोन, राष्ट्रवादीला दोन. वैर मग निकालानंतर वर सरकलं. सरकार कोणाचं ते ठरत नव्हतं तेव्हा एकनाथ शिंदे महाबळेश्वर तालुक्यातल्या आपल्या दरे गावी येऊन राहिले, आणि सगळ्या राज्याचे कॅमेरे कांदाटीच्या खोऱ्यात उतरले. १५ डिसेंबरला नागपुरात मंत्रिमंडळाचा विस्तार झाला. शंभूराज देसाई, शिवेंद्रराजे, जयकुमार गोरे आणि आमचे मकरंद पाटील, एका जिल्ह्यात चार मंत्री, तीन पक्षांचे. पालकमंत्रिपद एकच. १८ जानेवारीला ते देसाईंना मिळालं.

फेब्रुवारीत नाना वहीचं पान घेऊन माझ्याकडे आले. धोम-बलकवडीच्या कालव्याचं पाणी त्यांच्या शिवाराच्या वरच्या अंगापर्यंत येतं, खालच्या चारीचं काम राहिलंय. त्यासाठी अर्ज लिहायचा होता. वर कोणाचं नाव घालू, मी विचारलं. आमदार राष्ट्रवादीचे. जिल्हा नियोजनचा पैसा पालकमंत्र्यांच्या, म्हणजे शिवसेनेच्या हातात. कृष्णा खोऱ्याचं खातं भाजपच्या विखे पाटलांकडे.

नानांनी थोडा विचार केला.

"तिगांचीबी घाल," ते म्हणाले. "आन् चारी हुईस्तवर ही युती टिकंल का, त्येबी इचार कुनाला तरी."

मी तीन अर्ज लिहिले. नानांनी तिन्हीवर सही केली, शाई वाळेपर्यंत फुंकर घातली आणि घडी करून टोपीत ठेवले.