कायदा होण्याआधी बोलणारा वकील

‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. कॅनडात आल्यावरही वकिलाशी आपला संबंध मोजक्याच वेळा येतो: इमिग्रेशनचे कागद, घराची खरेदी, मृत्युपत्र. काम झालं, फी दिली, फाइल कपाटात गेली. अडचण आल्याशिवाय कायद्याकडे बघायचं नाही, अशीच आपली सवय.

मग २०२३ चा ऑगस्ट आला. सकाळच्या चहाबरोबर फेसबुकवर मराठी वर्तमानपत्रांची पानं चाळणाऱ्यांना ती एकाएकी रिकामी दिसू लागली. कॅनडा सरकारच्या कायद्यामुळे बातम्या इथे दाखवता येत नाहीत, अशा अर्थाची सूचना तेवढी येई. पुण्यातल्या भावाने टाकलेली बातमी तिथे सगळ्यांना दिसायची, टोरांटोत बसलेल्या बहिणीला नाही. फोन बिघडला असावा, असंच आधी वाटायचं. पुण्यातल्या बातमीचा ओटावातल्या कायद्याशी काय संबंध?

असं काहीतरी होणार, हे कायदा होण्याच्या कितीतरी आधीपासून एक गृहस्थ सांगत होते. त्यांचं नाव मायकल गाइस्ट.

गाइस्ट ओटावा विद्यापीठात कायद्याचे प्राध्यापक आहेत. इंटरनेट आणि ई-कॉमर्स कायद्याचं ‘कॅनडा रिसर्च चेअर’ हे संशोधनपद त्यांच्याकडे आहे. शिक्षण टोरांटोच्या ऑस्गुड हॉल लॉ स्कूलमध्ये, पुढे केंब्रिज आणि कोलंबिया विद्यापीठांत. विद्वत्तेला साजेशी पुस्तकं आणि शोधनिबंध त्यांनी लिहिलेच. पण सामान्य माणसाला ते माहीत आहेत ते ब्लॉगमुळे आणि २०१९ मध्ये सुरू केलेल्या ‘लॉ बाइट्स’ या पॉडकास्टमुळे. बहुतेक भागांत एक विषय आणि एक पाहुणा असतो. संसदेच्या समितीपुढे त्यांनी स्वतः दिलेली साक्षही काही भागांत ऐकायला मिळते. सगळं मोफत. गाडी चालवताना किंवा अंगणातला बर्फ उपसताना ऐकता येईल, अशा सोप्या इंग्रजीत.

त्यांच्या या बोलण्याने काय घडू शकतं, हे डिसेंबर २००७ मध्ये दिसलं. सरकार कॉपीराइटचं नवं, कडक विधेयक आणणार अशी चर्चा होती. गाइस्ट यांनी फेसबुकवर एक गट सुरू केला आणि थोड्याच दिवसांत त्यात हजारो लोक सामील झाले. त्या वेळचे उद्योगमंत्री जिम प्रेंटिस यांच्या कॅलगरीतल्या कार्यालयात सुट्टीनिमित्त लोकांसाठी भेटीगाठी ठेवल्या होत्या. तिथे लोक कॉपीराइटचे प्रश्न घेऊन हजर! विधेयक त्या महिन्यात आलंच नाही. जून २००८ मध्ये आलं, पण निवडणूक जाहीर झाल्याने बारगळलं. २००९ मध्ये सरकारने लोकांची मतं मागवली, तेव्हा आठ हजारांहून अधिक निवेदनं आली.

अखेर २०१२ मध्ये जो कायदा झाला, त्यात सामान्य माणसाच्या सोयीच्या बऱ्याच गोष्टी आल्या. परवानगीशिवाय रास्त वापर करता येण्याच्या कारणांत शिक्षण, विडंबन आणि उपहास यांची भर पडली. एखाद्याने पैसे कमावण्याचा हेतू न ठेवता, आधीच प्रसिद्ध झालेलं साहित्य वापरून स्वतःचा नवा व्हिडिओ केला, तर काही अटींवर तो चालतो. बिगरव्यापारी वापरातून नियमभंग झाला, तर कायद्याने ठरवून दिलेली भरपाई ५,००० डॉलरच्या वर जात नाही. आपल्या घरच्या डोहाळजेवणाच्या व्हिडिओला मागे एखादं जुनं गाणं लावणाऱ्या प्रत्येकाने हे लक्षात ठेवण्याजोगं आहे. गाइस्ट मात्र पूर्ण समाधानी नव्हते. डीव्हीडी किंवा ई-पुस्तकाला असलेलं डिजिटल कुलूप रास्त कारणासाठीही तोडायला या कायद्याने मनाई केली, त्यावर त्यांनी सतत टीका केली.

आता वळूया त्या रिकाम्या पानांकडे. जाहिरातींचा पैसा गूगल आणि फेसबुककडे गेला, गावोगावची छोटी वर्तमानपत्रं बंद पडू लागली. म्हणून या कंपन्यांनी बातम्यांसाठी वृत्तसंस्थांना मोबदला द्यावा, असं ‘सी-१८’ हे विधेयक आलं. हेतू चांगला होता आणि अनेक वृत्तपत्रांचा त्याला पाठिंबा होता. गाइस्ट यांचा आक्षेप एका मुद्द्यावर होता. लिंक म्हणजे वाचकाला वर्तमानपत्राच्या दारापर्यंत नेणारी वाट. त्या वाटेवर टोल बसवला, तर कंपनी वाटच बंद करेल आणि त्यात सर्वांत जास्त मरण छोट्या वृत्तपत्रांचं होईल, असं ते सांगत राहिले.

२२ जून २०२३ रोजी कायदा मंजूर झाला आणि १ ऑगस्टपासून मेटाने कॅनडात फेसबुक आणि इन्स्टाग्रामवरच्या बातम्या बंद करायला सुरुवात केली. कायद्यातल्या व्याख्येवर बोट ठेवून त्यांनी देशी-परदेशी असा भेद केला नाही. म्हणून मराठी वर्तमानपत्रंही गेली. त्याच महिन्यात वणव्यांमुळे यलोनाइफ शहर रिकामं करावं लागलं, तेव्हा लोकांना फेसबुकवर बातम्यांच्या लिंक एकमेकांना पाठवता येत नव्हत्या. पुढे नोव्हेंबरमध्ये गूगलने वर्षाला दहा कोटी डॉलर द्यायचं मान्य केलं. मेटा मात्र हटली नाही.

गाइस्ट यांचं सगळंच पटलं पाहिजे असं नाही. मेटाच्या हट्टाचा दोष कायद्याच्या माथी का मारायचा, असं म्हणणारेही पुष्कळ आहेत आणि त्यांच्या म्हणण्यातही तथ्य आहे. कलावंतांच्या काही संघटनांना तर गाइस्ट यांची कॉपीराइटविषयीची मतं मुळीच मान्य नाहीत. पण वाद कुठे आहे, विधेयकाच्या कोणत्या कलमात काय लिहिलंय, हे ते वेळेवर सांगतात. निर्णय व्हायचा असतो तेव्हा.

आपण इथे कर भरतो, मतदान करतो, मुलांना इथल्या शाळेत घालतो. पण कायदा घडतो तेव्हा आपण बहुधा शांत असतो आणि त्याचा चटका बसला की चहा पिताना कुरकुर करतो. खरं तर संसदेच्या संकेतस्थळावर प्रत्येक विधेयक मोफत वाचता येतं. त्याचा अभ्यास करणाऱ्या समित्या नागरिकांकडून लेखी निवेदनं घेतात. त्यासाठी वकील असावं लागत नाही. आपल्या भागातल्या खासदाराला पत्र लिहायला तर टपालाचं तिकीटही लागत नाही.

कोर्टाची पायरी शहाण्याने चढू नये, हे खरंच. पण ती चढायची वेळ येऊ नये म्हणून कायदा शिजत असतानाच त्याचा वास घ्यायला शिकावं. या दिवाळीत चकल्या तळताना कानाला ‘लॉ बाइट्स’चा एखादा भाग लावून बघा.