दात काढण्याआधी हाडाचं विचारा

गेल्या उन्हाळ्यात एक काकू डबीत घालून कवळी घेऊन दवाखान्यात आल्या. "डॉक्टर, ही झिजली बघा. बोलताना वर उचलते, भाकरी खाताना तर चक्क हातात येते. घट्ट करून द्या." कवळी अकरा वर्षांपूर्वीची होती, पण शाबूत होती. मी त्यांना त्यांच्याच खालच्या हिरडीवरून बोट फिरवायला सांगितलं. जिथे बांधासारखा उंच वरंबा असायला हवा, तिथे सपाट, एका बाजूला तर खोलगट लागत होतं. कवळी होती तशीच होती. झिजलं होतं तिच्याखालचं हाड.

दाताच्या जागी इम्प्लांट बसवायचा विचार आता लहान गावांतही होतो. पण इम्प्लांट ज्यात रोवायचा त्या हाडाविषयी आणि ते कमी पडल्यावर करायच्या बोन ग्राफ्टविषयी कानावर येणाऱ्या गोष्टी ऐकून काळजी वाटते. काही जण उगाच घाबरून उपचार टाळतात, काही जण नको त्या भरवशावर राहतात. नुकसान दोघांचंही होतं.

"दात गेला तर गेला, हाडाचा काय संबंध?"

जबड्याचं मूळ हाड पायासारखं असतं. त्याच्यावर दातांची मुळं धरून ठेवणारा हाडाचा वरंबा असतो. हा वरंबा दातांबरोबर तयार होतो आणि दातांसाठीच असतो. आपण घास चावतो तेव्हा दातावरचा दाब मुळाभोवतीच्या बारीक तंतूंमधून या हाडाला पोचतो, आणि त्या दाबावरच हाड टिकून राहतं. ज्या हाडावर भार येतो ते भक्कम होतं, ज्यावर येत नाही ते विरत जातं, हा नियम जर्मन शल्यचिकित्सक युलियस वोल्फ यांनी १८९२ साली मांडला. दात निघाला की भार संपतो आणि वरंबा खचायला लागतो.

किती वेगाने? डेन्मार्कमध्ये ४६ रुग्णांच्या दाढा आणि उपदाढा काढल्यानंतर वर्षभर मोजमापं घेतली गेली. २००३ साली आलेल्या त्या अभ्यासात वरंब्याची रुंदी सरासरी १२ मिलिमीटरवरून ५.९ मिलिमीटरवर आली होती, आणि यातली दोनतृतीयांश झीज पहिल्या तीन महिन्यांतच झाली होती. आता हिशेब करून पाहा. इम्प्लांटचा स्क्रू साधारण ४ मिलिमीटर जाडीचा. त्याच्या दोन्ही बाजूंना दीड-दीड मिलिमीटर तरी हाड हवं. म्हणजे ७ मिलिमीटर रुंदी लागणार आणि वर्षभराने हाताशी उरले ५.९. "बघू पुढच्या दिवाळीनंतर" म्हणून थांबलेल्या माणसाची अडचण नेमकी इथे होते. समोरच्या दातांचं तर आणखी नाजूक असतं. त्यांच्या ओठाकडच्या बाजूचं हाड बऱ्याचदा एक मिलिमीटरही जाड नसतं, ते सगळ्यांत आधी जातं.

झीज वर्षभराने मंदावते, थांबत नाही. पूर्ण कवळी वापरणाऱ्यांचा २५ वर्षं मागोवा घेऊन टालग्रेन या संशोधक बाईंनी १९७२ साली दाखवलं की खालचा जबडा वरच्यापेक्षा सुमारे चौपट झिजतो. काकूंची खालचीच कवळी का नाचत होती, ते यावरून कळेल.

इथेच आणखी एक समजूत सांगून टाकतो: "हलतोय तर हलू दे, पडेल तेव्हा पडेल." पायरियाने हलणारा दात नुसता हलत नसतो. त्याच्या मुळाभोवतीचं हाड जंतुसंसर्गामुळे रोज थोडं थोडं जात असतं. वेळेवर हिरड्यांचे उपचार केले तर असे कितीतरी दात वाचतात. वाचणार नसेल तर तो वेळेवर काढल्याने निदान हाड वाचतं.

"कॅल्शियम घेतलं की हाड भरून येईल"

नाही येणार. शरीरात कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व पुरेसं असणं गरजेचं आहेच, पण दात गेल्यावर खचलेला वरंबा गोळ्यांनी पुन्हा उभा राहत नाही. तिथे कमतरता असते ती आधाराची आणि भाराची.

"इम्प्लांट म्हणजे हाड भरणं आलंच"

हेही खरं नाही. पुष्कळ रुग्णांचं हाड पुरेसं असतं. ते ठरवायचं कसं? नेहमीचा ओपीजी एक्स-रे सपाट असतो. त्यात उंची दिसते, रुंदी दिसत नाही. रुंदी कळते सीबीसीटी स्कॅनमध्ये, कारण त्यात जबड्याचे पावाच्या कापांसारखे छेद पाहता येतात. खालच्या जबड्यातून ओठाला संवेदना देणारी नस जाते. इम्प्लांटचं टोक तिच्यापासून साधारण २ मिलिमीटर दूर राहायला हवं, तेही याच स्कॅनवर मोजतात. ग्राफ्ट सांगितला असेल तर डॉक्टरांना म्हणावं, "स्कॅनवर मला माप दाखवा." चांगला डॉक्टर हे आनंदाने दाखवतो.

हाड कमी असलं तरी कधी आखूड इम्प्लांट चालतो, कधी तो तिरका बसवून आहे त्या हाडाचा उपयोग करून घेता येतो. वरचं हाड फारच गेलं असेल तर गालफडाच्या हाडात रोवायचे लांब इम्प्लांट असतात, पण ते काम अनुभवी हातांचंच. शिवाय ब्रिज आणि कवळी हेही रीतसर उपचार आहेत. इम्प्लांट न बसवणं म्हणजे काही हेळसांड नव्हे.

"हाडाची पावडर भरली की झालं हाड"

बोन ग्राफ्टविषयी सर्वांत खोल रुजलेला गैरसमज हा असावा. तो दूर झाला तर बाकीचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात.

ग्राफ्टची बाटली अंगठ्याएवढी असते. आतले दाणे बारीक रव्यापासून खसखशीएवढे. ते छोट्या वाटीत घेऊन त्यात रुग्णाचंच थोडं रक्त मिसळलं की ओल्या वाळूसारखा गोळा होतो. तो खाचेत भरायचा, वर पातळ पडदा घालायचा आणि हिरडी टाक्यांनी मिटवायची. त्या क्षणी तिथे हाड वाढलेलं नसतं. तिथे असतो तो मांडव. वेल चढायचा अजून बाकी असतो.

वेल म्हणजे रुग्णाच्या स्वतःच्या पेशी. आजूबाजूच्या जिवंत हाडातून आधी रक्तवाहिन्या या दाण्यांमध्ये शिरतात, मागोमाग हाड घडवणाऱ्या पेशी येतात आणि दाण्यांच्या आधाराने नवं हाड घालत जातात. काही प्रकारचे दाणे हळूहळू विरतात, काही वर्षानुवर्षं नव्या हाडात रुतून राहतात. वरचा पडदा हिरडीला आत येण्यापासून रोखतो. हिरडीचं मांस हाडापेक्षा भराभर वाढतं, म्हणून पडदा नसेल तर जागा आधी तेच बळकावतं.

हे सारं ज्या दोन शोधांवर उभं आहे, ते दोन्ही १९६५ या एकाच वर्षाशी जोडलेले आहेत. स्वीडनमध्ये पेर-इंग्वार ब्रोनेमार्क यांनी त्या वर्षी यॉस्ता लार्सन या रुग्णाच्या जबड्यात टायटॅनियमचे इम्प्लांट बसवले. सशाच्या पायातल्या हाडाशी टायटॅनियम घट्ट जुळतं, हे त्यांना १९५०च्या दशकात, खरं तर दुसरंच काही तपासताना, लक्षात आलं होतं. लार्सन २००६ साली वारले, तोवर ते इम्प्लांट कामात होते. तिकडे अमेरिकेत मार्शल युरिस्ट यांनी त्याच वर्षी दाखवून दिलं की क्षार काढून टाकलेलं हाड स्नायूत ठेवलं तरी तिथे नवं हाड तयार होतं. हाडात हाड घडवायला लावणारी प्रथिनं असतात, हे त्यातून पुढे आलं.

नवं हाड यायला वेळ लागतो. साध्या वरंब्याच्या ग्राफ्टला चार ते सहा महिने, वरच्या सायनसखालच्या ग्राफ्टला सहा ते नऊ. त्यामुळे अमेरिकेतून तीन आठवड्यांच्या सुट्टीवर पुण्याला येणाऱ्यांना मी आधीच सांगतो की मोठा ग्राफ्ट लागणार असेल तर दोन फेऱ्या धरा. थोडंसंच हाड कमी असेल आणि इम्प्लांट घट्ट बसत असेल, तर ग्राफ्ट आणि इम्प्लांट एकाच बैठकीत होतात. पण ते हाड ठरवतं, विमानाचं तिकीट नाही.

"कुणाचं हाड घालणार? नको रे बाबा"

ग्राफ्ट चार ठिकाणांहून येतो. पहिला स्वतःच्या शरीरातून, बहुधा अक्कलदाढेच्या मागून किंवा हनुवटीतून. कमरेतून हाड काढावं लागतं ते अपघातात किंवा गाठीच्या शस्त्रक्रियेत जबड्याचा मोठा भाग गेला तर. त्यासाठी रुग्णालयात दाखल होऊन पूर्ण भूल लागते. एका दाताच्या इम्प्लांटला त्याची गरज नसते. नेहमीचा ग्राफ्ट दाढ काढतात तशा भुलेखाली, खुर्चीवरच होतो. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यांत जास्त असते, मग उतरते.

दुसरा स्रोत मानवी दात्याचा. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाची टिश्यू बँक १९८८ पासून काम करते आहे. तिथे दात्याच्या एचआयव्ही, हिपॅटायटिस अशा तपासण्या करून, हाडावर प्रक्रिया करून, ते गोठवून सुकवून गॅमा किरणांनी निर्जंतुक केलं जातं. तिसरा स्रोत प्राण्यांचा, मुख्यतः गाय-बैल किंवा डुक्कर. गायी-बैलांच्या हाडातली प्रथिनं आणि स्निग्ध पदार्थ उष्णतेने व रसायनांनी काढून टाकतात, मागे नुसता खनिजाचा सांगाडा उरतो. चौथा प्रयोगशाळेत बनवलेला, हायड्रॉक्सीअपेटाइट, ट्रायकॅल्शियम फॉस्फेट किंवा जैवकाचेचा.

प्राण्यांच्या ग्राफ्टबद्दल मला ठामपणे सांगायचं आहे. पदार्थ शुद्ध केलेला आहे, हे वैद्यकीय उत्तर झालं. श्रद्धेच्या प्रश्नाचं ते उत्तर नव्हे. कुणाला गायीचं चालणार नाही, कुणाला डुकराचं, कुणाला कुठल्याच प्राण्याचं. आणि पडदासुद्धा बहुतेक वेळा प्राण्यांच्या कोलॅजेनचा असतो, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. डॉक्टरने हे न विचारता सांगायला हवं. नाही सांगितलं तर रुग्णाने बिनधास्त विचारावं. पर्याय आहेत.

"शरीर ते बाहेर फेकून देईल"

बदललेलं मूत्रपिंड शरीर नाकारतं, तसं इथे होत नाही. ग्राफ्टच्या दाण्यांत जिवंत पेशीच नसतात, त्यामुळे आयुष्यभराच्या गोळ्याही लागत नाहीत. ग्राफ्ट फसतो तो जखम उघडल्याने, जंतुसंसर्गाने, दाणे हलल्याने. आणि तंबाखूने.

धूर ओढला की हिरडीच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि नव्या हाडाला लागणारं रक्तच कमी पडतं. आपल्याकडे याच्या जोडीला मिश्री आणि गुटखा आहे. मिश्री लावणाऱ्या बायका तिला तंबाखू मानतच नाहीत. "मी काहीच खात नाही डॉक्टर, नुसती मिश्री." भाजून पूड केलेला तंबाखूच तो, आणि तो घासला जातो नेमका हिरडीवर. सुपारी-गुटख्याने तोंड आखडलेलं असेल तर उपकरणं आत जाण्याइतकंही ते उघडत नाही. तंबाखू सुटत नसेल तर ग्राफ्टवर पैसे घालू नका, असं मी स्पष्ट सांगतो.

"वरच्या दाढेला हात लावला की नजर जाते"

दाढांच्या नसांचा दृष्टीशी संबंध नाही. वरच्या दाढांच्या डोक्यावर हवेची पोकळी असते, तिला सायनस म्हणतात. दाढा गेल्या की ही पोकळी खाली पसरते आणि हाड पातळ होतं. तेव्हा सायनसचं अस्तर हळूच वर उचलून खाली ग्राफ्ट भरतात. अंड्याच्या कवचाच्या आत पापुद्रा असतो तसं हे अस्तर. त्याला छिद्र पडणं ही या शस्त्रक्रियेतली सगळ्यांत नेहमीची अडचण. लहान छिद्र तिथेच झाकता येतं, मोठं असेल तर थांबून पुन्हा करावं लागतं. नंतर दोन आठवडे नाक जोराने शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडं ठेवायचं.

"वय झालं, शुगर आहे, आपल्याला कुठलं जमतंय"

नुसतं वय आड येत नाही. मधुमेह आटोक्यात असेल तर तोही नाही. एचबीएवनसी ७ च्या आसपास असेल तर बहुधा काम होतं, ८ च्या वर असेल तर बहुतेक डॉक्टर आधी साखर खाली आणायला सांगतात.

खरी काळजी निराळ्याच औषधाची. हाडं ठिसूळ झाली म्हणून आठवड्यातून एकदा उपाशीपोटी घ्यायची गोळी, वर्षातून एकदा शिरेतून दिलं जाणारं किंवा सहा महिन्यांनी घ्यायचं इंजेक्शन, तसंच कर्करोगात हाडांसाठी दिली जाणारी इंजेक्शनं. या औषधांवर असताना जबड्यावर शस्त्रक्रिया झाली तर क्वचित हाडाचा भाग मृत होतो आणि जखम भरतच नाही. रोजची गोळी नसल्याने ती "चालू औषधांत" सांगायची राहून जाते. ती सांगा. मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका, त्यातल्या काही औषधांत अचानक थांबल्याने मणका मोडण्याचा धोका वाढतो. डोक्याला किंवा मानेला रेडिएशन झालेलं असेल तर तेही आधी सांगायला हवं.

काकूंच्या जबड्यात पुढच्या भागात दोन इम्प्लांटपुरतं हाड शिल्लक होतं. ग्राफ्ट लागला नाही. आता त्यांची खालची कवळी त्या दोन इम्प्लांटवर बटणासारखी बसते. अकरा वर्षांपूर्वी दात काढताना कुणी दोन शब्द सांगितले असते तर त्यांना कदाचित पर्याय अधिक मिळाले असते.

म्हणून विनंती एवढीच. दात काढायची वेळ आली तर खुर्चीत टेकायच्या आधी विचारा: "इथे पुढे इम्प्लांट बसवायचा झाला तर हाड उरेल का? आताच खाच भरून ठेवायची का?" खाच भरल्याने झीज पूर्ण थांबत नाही, पण बरीच कमी होते. आणि ग्राफ्ट केलाच, तर बाटलीवरचं लेबल तुमच्या फाइलमध्ये चिकटवून मागा. पदार्थाचं नाव, तो कशापासून बनला, बॅच नंबर, तारीख. दहा वर्षांनी दुसऱ्या गावात, दुसऱ्या डॉक्टरला लागणारी माहिती त्या चिठोऱ्यावर असते.