चरबी एकाच्याच यकृतात का साठते?

धुळ्यात पोटाच्या सोनोग्राफीचा रिपोर्ट हाती आला की ‘फॅटी लिव्हर, ग्रेड १’ ही ओळ आता कुणाला नवी वाटत नाही. कोडे वेगळेच आहे. तेलाच्या तवंगाची शेवभाजी घरात सगळेच खातात, दारूला कुणी शिवत नाही. मग एका भावाच्या यकृतात चरबी साठते आणि दुसऱ्याच्या का नाही?

आनुवंशिक आजार म्हटला की खानदेशात सिकलसेल आठवतो. त्याचा हिशेब सरळ आहे : हिमोग्लोबिनच्या जनुकातले एक अक्षर बदलते आणि तो बदल आईवडील दोघांकडून आला की आजार होतो. फॅटी लिव्हरमागे असा एकच गुन्हेगार नाही, म्हणून तपासाची रीतही निराळी.

आधी हजारो माणसांच्या यकृतातली चरबी मोजायची. सोनोग्राफी अंदाज देते. इथे आकडा हवा, म्हणून एमआरआय. मग रक्तातला डीएनए काढून, माणसामाणसांत जिथे अक्षर बदलते त्या जागा चिपवर वाचायच्या. प्रत्येक जागेला प्रश्न एकच : हे अक्षर असणाऱ्यांच्या यकृतात सरासरीने चरबी जास्त आहे का? गोम इथेच आहे. लाखो जागा तपासल्या तर काही ठिकाणी निव्वळ योगायोगानेही ‘हो’ येणारच. म्हणून योगायोगाची शक्यता १० कोटींत ५ हून कमी असेल, तरच संपूर्ण जीनोमच्या चाळणीत तो दुवा ग्राह्य धरतात. शिवाय वेगवेगळ्या समाजांची सरमिसळ केली, तर आहाराचे पाप जनुकाच्या माथी बसते.

२००८ साली अमेरिकेतल्या डॅलसमध्ये दोन हजारांवर लोकांचे नऊ हजारांवर बदल असे चाळले, तेव्हा पीएनपीएलए३ हे जनुक ठळकपणे पुढे आले. त्यातल्या एका बदलामुळे तयार होणारे प्रथिन चरबीच्या थेंबावर ठाण मांडते आणि चरबी फोडणाऱ्या एन्झाइमला काम करू देत नाही. हा बदल आईवडील दोघांकडून आलेल्यांच्या यकृतात चरबी दुपटीहून जास्त आढळली. २०१८ मध्ये उलटाही प्रकार दिसला : एचएसडी१७बी१३ हे जनुक निकामी झाले, तर यकृताला संरक्षण मिळते. औषध शोधणाऱ्यांना रस आहे तो अशाच जनुकांत.

आपल्यासाठी हे निष्कर्ष जसेच्या तसे उचलणे मला धोक्याचे वाटते. सडपातळ दिसूनही अंगात चरबी जास्त, ही भारतीय देहाची ठेवण पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिली आहे. २०१० मध्ये ९५ भारतीय वंशाच्या पुरुषांवरून एपीओसी३ या जनुकाकडे बोट दाखवले गेले. पुढच्या मोठ्या अभ्यासात तो दुवा टिकला नाही. ८३ समाजगटांचे सुमारे १०,००० जीनोम वाचणाऱ्या ‘जीनोम इंडिया’चे मोल म्हणूनच मोठे.

पीएनपीएलए३चा परिणाम वजनाबरोबर वाढतो, म्हणजे जनुक वाईट असले तरी वजन उतरवणे वाया जात नाही. तेव्हा महागडी जनुकीय चाचणी सध्या राहू द्या. वय, एसजीओटी, एसजीपीटी आणि प्लेटलेट या चार आकड्यांवरून ‘फिब-४’ हा यकृतातल्या व्रणांचा (फायब्रोसिसचा) अंदाज देणारा निर्देशांक काढता येतो, तो १.३ च्या खाली आहे का, हे पुढच्या भेटीत डॉक्टरांना जरूर विचारा.