घराण्यातील ऐकीव नाते आणि वंशशोधाची साधने : गिरगाव ते लालबाग

प्रस्तावना

मुंबईतील मराठी कुटुंबांत आपल्या घराण्याविषयी एखादी ऐकीव गोष्ट बहुधा आढळते. गिरगावच्या वाडीतील कोकणस्थ कुटुंब आपला संबंध पेशव्यांच्या भट घराण्याशी किंवा झाशीच्या राणीच्या माहेरच्या तांब्यांशी जोडते. लालबाग-परळमधील गिरणी कामगाराच्या घरी मूळपुरुष छत्रपती शिवाजी महाराजांच्या एखाद्या सरदाराचा वंशज असल्याचे सांगितले जाते. दादर-माहीमच्या जुन्या रहिवाशांपैकी काही ज्ञातींत पूर्वज बिंब राजाबरोबर या बेटांवर आल्याची परंपरा आहे.

अशा गोष्टींकडे पाहण्याच्या दोन रीती प्रचलित आहेत. घरातील वडीलधारी मंडळी त्यांवर पूर्ण विश्वास ठेवतात. अभ्यासक त्या हसण्यावारी नेतात. दोन्ही रीती अपुऱ्या आहेत. ऐकीव नाते हे सिद्ध झालेले सत्य नव्हे. तथापि ते निरर्थकही नव्हे. कोणत्या कागदाकडे वळावे हे सुचविणारी ती एक खूण असते. ही खूण कशी तपासावी आणि त्यासाठी मुंबईत व मूळगावी कोणती साधने उपलब्ध आहेत, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

1. ऐकीव नाते कसे निर्माण होते

प्रसिद्ध व्यक्तीशी नाते जोडले जाण्याची कारणे स्थूलमानाने चार आहेत. पहिले कारण आडनावाचे साम्य. भट हे आडनाव कोकणात अनेक घराण्यांत आढळते. पेशव्यांचे भट घराणे श्रीवर्धनचे. केवळ आडनाव एक म्हणून दुसऱ्या गावचे भट त्यांचे भाऊबंद ठरत नाहीत. चित्पावनांत चौदा गोत्रे मानली जातात; गोत्र भिन्न असल्यास पितृवंशाचा दावा तेथेच संपतो. गोत्र जुळल्याने मात्र नाते सिद्ध होत नाही, केवळ शक्यता शिल्लक राहते.

दुसरे कारण दत्तकविधान. जन्माचा वंश आणि कायद्याचा वंश यांत येथे फरक पडतो. नानासाहेब पेशवे हे जन्माने कर्जतजवळील वेणगावच्या माधवराव नारायण भट यांचे पुत्र. दुसऱ्या बाजीरावाने 1827 मध्ये त्यांना दत्तक घेतले. झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंचे उदाहरण अधिक बोलके आहे. त्यांचा औरस पुत्र काही महिन्यांचा असतानाच वारला. 1853 मध्ये नेवाळकर घराण्यातीलच एक मुलगा दत्तक घेण्यात आला आणि त्याचे नाव दामोदरराव ठेवण्यात आले. दामोदरराव 1906 मध्ये इंदूर येथे निवर्तले. यावरून एक साधी कसोटी हाती येते. राणीचे रक्ताचे वंशज असल्याचा दावा कोणत्याही कुटुंबाला करता येणार नाही. संबंध असलाच तर तो तांबे किंवा नेवाळकर घराण्याच्या एखाद्या शाखेशी असू शकेल.

तिसरे कारण, ज्यांचा अंत अनिश्चित राहिला अशा व्यक्तींभोवती जमणाऱ्या कथा. 1859 नंतर नेपाळच्या तराईत नानासाहेबांचा माग हरवला आणि पुढे ठिकठिकाणी ते जिवंत असल्याच्या वार्ता उठल्या. 1874 मध्ये ग्वाल्हेर येथे नानासाहेब म्हणून एका व्यक्तीस पकडण्यात आले. चौकशीअंती ती व्यक्ती नानासाहेब नसल्याचे दिसून आले.

चौथे कारण सर्वांत सामान्य आहे. सेवेचे, आश्रयाचे किंवा शेजाराचे नाते दोन-तीन पिढ्यांत रक्ताचे नाते बनते. ‘आमचे पणजोबा त्यांच्या पदरी होते’ या वाक्याचे ‘आम्ही त्यांच्यातलेच’ असे रूपांतर होण्यास फार काळ लागत नाही.

2. तोतयाचे प्रकरण : पुराव्याचा एक जुना धडा

नात्याची व ओळखीची तपासणी ही आधुनिक काळाचीच गरज नव्हे. 1761 मध्ये पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले, परंतु त्यांच्या मृत्यूविषयी अनेकांच्या मनात शंका राहिली. त्यांच्या पत्नी पार्वतीबाई यांनी पती हयात असल्याची श्रद्धा सोडली नाही. या वातावरणात भाऊसाहेब म्हणविणारा एक तोतया पुढे आला. थोरल्या माधवरावांच्या कारकिर्दीत चौकशी होऊन तो कनोजिया ब्राह्मण असल्याचे ठरले व त्यास कैदेत ठेवण्यात आले. नारायणरावांच्या खुनानंतर राज्यात अस्थिरता माजली. 1776 मध्ये रत्नागिरीचे सुभेदार रामचंद्र नाईक परांजपे यांनी त्याला बंधमुक्त करून खरा भाऊ म्हणून मान्यता दिली. काही काळ कोकणचा मोठा भाग त्याच्या ताब्यात गेला. पराभवानंतर तो मुंबईकडे निघाला असता राघोजी आंग्रे यांनी त्यास पकडले. पुण्यात पुन्हा चौकशी होऊन त्याच वर्षी त्याला देहान्त शासन झाले.

या प्रकरणातील दोन गोष्टी वंशशोधकाने लक्षात ठेवण्याजोग्या आहेत. एक, विश्वास ठेवणाऱ्यांची संख्या हा पुरावा नव्हे. एका सुभ्याने मान्य केलेली गोष्टही असत्य ठरू शकते. दुसरे, निर्णय घेताना मूळ व्यक्तीस प्रत्यक्ष ओळखणाऱ्यांच्या साक्षीला महत्त्व देण्यात आले. आज साक्षीदार हयात नसतात. त्यांची जागा समकालीन कागदाने घ्यावी लागते.

3. वर्तमानाकडून भूतकाळाकडे

वंशशोधातील मूलभूत नियम असा की ज्ञाताकडून अज्ञाताकडे जावे. प्रत्यक्षात बहुतेक जण उलट मार्ग धरतात. प्रसिद्ध पुरुषापासून आरंभ करून त्याची वंशावळ आपल्या आजोबांपर्यंत आणण्याचा प्रयत्न होतो आणि मधल्या रिकाम्या पिढ्या अंदाजाने भरल्या जातात. योग्य रीत म्हणजे आपल्यापासून वडील, वडिलांपासून आजोबा, असे एकेक पाऊल मागे जाणे आणि प्रत्येक पावलास किमान एका कागदाचा आधार घेणे.

मुंबईत हा शोध घरातील ट्रंकेपासून सुरू होतो. खोलीची भाडेपावती, रेशनकार्ड, शाळा सोडल्याचा दाखला, लग्नपत्रिका, मनिऑर्डरची पावती यांतून मूळगावाचे नाव हाती येते. महापालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदी आणि शाळांची जनरल रजिस्टरे ही पुढील पायरी. चर्चच्या बाप्तिस्मा व विवाहाच्या नोंदवह्या हे मराठी बोलणाऱ्या ईस्ट इंडियन कुटुंबांसाठी मोलाचे साधन आहे.

लालबाग-परळच्या कुटुंबांसाठी गिरणीचे कागद विशेष महत्त्वाचे ठरतात. हजेरीचे तिकीट, पगारपत्रक, भविष्य निर्वाह निधीचा क्रमांक, राज्य कामगार विमा योजनेचे कार्ड यांवर कामगाराचे व त्याच्या वडिलांचे नाव सापडू शकते. गिरणीतील भरती जॉबरमार्फत होत असे आणि जॉबर बहुधा आपल्या गावचे, आपल्या नात्यातील लोक आणीत असे. त्यामुळे एकाच खात्यातील सहकाऱ्यांची नावे आणि गावकीच्या खोलीत एकत्र राहणाऱ्यांची नावे मूळगावाकडे बोट दाखवितात.

मुंबई सोडून मूळगावी पोहोचल्यावर साधनांचे स्वरूप बदलते. सात-बारा व फेरफार नोंदींतून वारसांची साखळी मिळते. गाव नमुना 14 मध्ये जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदी असतात. त्यांतील अनेक मोडी लिपीत आहेत. त्र्यंबकेश्वर, नाशिक, काशी येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेस आलेल्या पुरुषांची नावे पिढ्यान्‌पिढ्या नोंदविलेली आढळतात. इनामदार, खोत, वतनदार घराण्यांसाठी पुण्याचे पेशवे दफ्तर उपयुक्त ठरते. गो. स. सरदेसाई यांच्या संपादकत्वाखाली त्यातील निवडक कागदांचे 45 खंड 1930 ते 1934 या काळात प्रसिद्ध झाले. इंग्रजी अमदानीतील सरकारी कागद मुंबईच्या काळा घोडा परिसरातील महाराष्ट्र राज्य पुराभिलेखागारात पाहता येतात. छापील कुलवृत्तांतांसाठी 1898 मध्ये स्थापन झालेल्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या संस्थांकडे वळावे लागते.

4. नावांची अडचण

या मार्गातील सर्वांत मोठा अडथळा नावांचा आहे. जुन्या गावदप्तरात सामान्य शेतकऱ्याची नोंद पुष्कळदा आडनावाविना, ‘अमुक बिन तमुक’ अशी होते. ‘बिन’ म्हणजे पुत्र. तोच मनुष्य मुंबईत आल्यावर गावाच्या नावाला ‘कर’ जोडून आडनाव लावतो, तर त्याचा गावी राहिलेला भाऊ कुळाचे आडनाव चालवितो. दोन पिढ्यांनंतर ही दोन्ही कुटुंबे एकमेकांस परकी होतात.

हा अनुभव केवळ महाराष्ट्राचा नाही. ब्रिटनमधील वेल्स प्रांतातही पूर्वी स्थिर आडनावे नव्हती; ‘अप’ म्हणजे पुत्र हा शब्द लावून वडिलांचे नाव सांगितले जाई. त्यातूनच ‘अप हॉवेल’चे पॉवेल आणि ‘अप रीस’चे प्राइस झाले. पुढे जोन्स, डेव्हिस, विल्यम्स अशी मोजकीच आडनावे असंख्य कुटुंबांनी धारण केली. परिणामी तेथील वंशशोधकास आडनावापेक्षा गाव, शेत व व्यवसाय यांवर अधिक विसंबावे लागते. मराठी शोधकासही हाच मार्ग उपयोगी पडतो. मात्र एक फरक आहे. ब्रिटनमध्ये शंभर वर्षांपूर्वीच्या जनगणनेच्या कुटुंबवार याद्या अभ्यासकांना खुल्या होतात; भारतातील जुन्या जनगणनांचे एकत्रित आकडे मिळतात, कुटुंबवार याद्या हाती येत नाहीत.

स्त्रियांच्या बाबतीत अडचण दुहेरी आहे. विवाहानंतर आडनाव बदलते, आणि अनेक ज्ञातींत स्वतःचे नावही बदलत असे. कुलवृत्तांतांची रचना प्रायः पुरुषवंशाची असल्याने माहेरकडील धागा तुटतो. गणित पाहिले तर ही उणीव किती मोठी आहे हे कळते. प्रत्येक पिढीत पूर्वजांची संख्या दुप्पट होते. नऊ पिढ्या मागे, म्हणजे साधारणतः पानिपतच्या काळात, एका व्यक्तीच्या पूर्वजांची 512 स्थाने असतात. आडनावाची परंपरा त्यांपैकी केवळ एका स्थानाकडे नेते. घरातील ऐकीव नाते खरे असून कुलवृत्तांतात सापडत नसेल, तर ते आजी-पणजीच्या माहेरचे असण्याची शक्यता प्रथम तपासावी.

5. साधनांची पारख

छापील मजकूर म्हणजे पुरावा, असे समजू नये. ‘महिकावतीची बखर’ वि. का. राजवाडे यांनी 1924 मध्ये प्रसिद्ध केली. बिंब राजाबरोबर आलेल्या कुळांची माहिती तीत आहे. परंतु बखरीतील विविध प्रकरणे वेगवेगळ्या काळी रचली गेली असून वर्णिलेल्या घटना त्याहून पुष्कळ आधीच्या आहेत. अशा साधनातून ज्ञातीच्या स्मृतीचा इतिहास मिळतो. एखाद्या कुटुंबाची सलग वंशावळ मिळत नाही. इनाम कमिशनसमोर 1852 नंतर सादर झालेल्या वंशावळी तपशीलवार आहेत, पण त्या जमीन टिकविण्याच्या हेतूने दिलेल्या होत्या, हे विसरता येत नाही. उत्तम कुलवृत्तांताची खूण अशी की ज्या शाखेचा दुवा मिळाला नाही ती शाखा तो स्वतंत्रपणे छापतो, ओढूनताणून मूळपुरुषाशी जोडीत नाही.

विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ या दृष्टीने उद्बोधक आहे. पेणजवळील वरसईचे हे भिक्षुक घरच्या कर्जामुळे उत्तरेकडे द्रव्यार्जनासाठी गेले आणि 1858 मध्ये झाशीच्या वेढ्याचे साक्षीदार झाले. त्यांचे हस्तलिखित चिं. वि. वैद्य यांनी 1907 मध्ये स्वतःच्या संस्कारांसह प्रसिद्ध केले; मूळ हस्तलिखिताबरहुकूम आवृत्ती दत्तो वामन पोतदार यांनी 1966 मध्ये काढली. छापील पाठ व मूळ पाठ यांत केवढे अंतर असू शकते, हे त्यावरून ध्यानात येते. त्याहून महत्त्वाची गोष्ट ही की गोडसे राणीचे आप्त नव्हते. ते साक्षीदार होते, आणि तेच त्यांचे महत्त्व आहे.

6. वंशावळ : अभिमानापलीकडे

वंशशोध हा आता हौसेपुरता विषय उरलेला नाही. महाराष्ट्रात जातवैधता प्रमाणपत्रासाठी वंशावळ व जुने पुरावे द्यावे लागतात. अनुसूचित जातींसाठी 10 ऑगस्ट 1950, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी 21 नोव्हेंबर 1961 आणि इतर मागासवर्गीयांसाठी 13 ऑक्टोबर 1967 या दिनांकांपूर्वीच्या नोंदींना त्यात महत्त्व आहे. 2023 मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेल्यानंतर कुणबी नोंदींचा शोध राज्यभर सुरू झाला आणि मोडी वाचकांची उणीव तीव्रतेने जाणवली. गिरणी कामगारांच्या घरांसाठी 1 जानेवारी 1982 रोजी वा त्यानंतर पटावर असल्याचा पुरावा कामगाराला किंवा त्याच्या वारसांना सादर करावा लागतो. ज्या घरात सरदाराच्या वंशाची कथा जपली गेली पण आजोबांचे गिरणीचे तिकीट रद्दीत गेले, त्या घराचे झालेले नुकसान प्रत्यक्ष आहे.

समारोप

ऐकीव नात्याचा शोध घेताना बहुतेक कुटुंबांना प्रसिद्ध पूर्वज सापडत नाही. सापडते ते वेगळेच : आडनाव बदललेला भाऊ, माहेरचे विस्मृत गाव, दत्तक गेलेला मुलगा, गावकीच्या खोलीतील सोबती. ही माहिती लौकिकार्थाने लहान असली तरी तीच त्या कुटुंबाची स्वतःची असते आणि मुंबईच्या सामाजिक इतिहासाचे अस्सल साधनही तीच असते.

गिरगाव, दादर, परळ, लालबाग येथील चाळींचा पुनर्विकास होत असता घर रिकामे करताना प्रथम टाकले जातात ते जुने कागद. महाविद्यालयांना येथे करण्याजोगे काम आहे. मोडी लिपीचे वर्ग चालविणे, विद्यार्थ्यांकडून आजी-आजोबांच्या मुलाखती नोंदवून घेणे, घरातील कागदांच्या प्रती तारीख व ठिकाण नमूद करून जतन करणे, या तीन गोष्टी इतिहास, मराठी व समाजशास्त्र विभागांना अल्प खर्चात करता येतील. मुलाखत घेताना ऐकीव गोष्ट जशी सांगितली तशीच टिपावी आणि तिच्यापुढे उपलब्ध पुरावा स्वतंत्रपणे लिहावा. कथा आणि कागद यांची सरमिसळ झाली नाही, तर पुढील अभ्यासकास दोन्हींचा उपयोग होईल.